पिवळ्या फुलांचा प्लॉट

३ जून
आजपासून मी शेतकरी. ॲग्री कॉलेज हा विषय संपला. विहिरीमागचा तुकडा बाबांनी माझ्या ताब्यात दिला. म्हणाले, एका हंगामात जमीन सुधारून दाखव, नाहीतर मुकाट्याने कॉलेजात परत जा. दाखवतोच! शिवाय नवा संकल्प: राग आवरणे.

१२ जून
माती तपासायला दिली होती, तिचा रिपोर्ट आणायला लॅबमध्ये गेलो. तिथल्या मॅडम! पिवळी छत्री! म्हणाल्या, जमिनीत कस उरलेला नाही. ताग पेरा आणि फुलं यायच्या आत नांगरून मातीत गाडा, तेच खत. 'पेरा' म्हणताना थेट माझ्याकडे पाहिलं. खोलीत दुसरं कुणी नव्हतं, पण तरी.

२४ जून
ताग उगवला. आणखी माती घेऊन लॅबमध्ये. मॅडमनी विचारलं, परत? म्हटलं, माती रोज बदलते. हसल्या. जमतंय.

५ ऑगस्ट
ताईने शेजारच्या प्लॉटमधला तिचा ताग गाडला. मला म्हणाली, ट्रॅक्टर आलाय तर तुझाही उरकून घे, कळ्या दिसायला लागल्यात. गाडू? पिवळी फुलं? ज्यांना पिवळा आवडतो त्यांना न दाखवता? सटकली माझी. ट्रॅक्टरवाल्याला हाकलून दिलं. राग आवरणे उद्यापासून.

२० ऑगस्ट
फुलला! मॅडमना फोन केला. येते म्हणाल्या. शर्टाला इस्त्री.

२२ ऑगस्ट
आल्या. मागून बस. बसमधून माझाच जुना वर्ग. मॅडमनी एक दांडा कडकन मोडून दाखवला: बघा, लाकूड झालंय, आता हा लवकर कुजणार नाही, उलट पुढच्या पिकाचा घास खाईल. मग मला तागात उभं करून फोटो काढला. माझा. स्वतःच्या मोबाईलवर!

२८ सप्टेंबर
शेवटी ताग गाडून मका पेरला होता. पिवळा पडलाय. ताईचा हिरवागार. ताईने विचारलं, हाही पिवळा मॅडमसाठीच का रे? तिच्याशी बोलणं बंद. बाबांनी माझी कॉलेजची बॅग झटकून दाराशी ठेवली.

९ ऑक्टोबर
कॉलेज. मॅडमचं गेस्ट लेक्चर. पहिला बाक धरला. पडद्यावर माझा फोटो, वर मोठ्या अक्षरांत: 'असे करू नये'. वर्ग खो खो हसला. फुलं मात्र छान आली होती. तास संपल्यावर धीर करून पुढे गेलो. मॅडमनी लगेच ओळखलं. म्हणाल्या, अरे, उशिराचा ताग ना तू?
आता सगळं कॉलेज मला तेच म्हणतं.