वर्गाबाहेरची सोबत

४ ऑगस्ट

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

लिफ्टदुरुस्तीची फिरती कशी चाललीय? कामाच्या नादात जेवण चुकवू नकोस. लग्नाचं विचारत नाही, घाबरू नकोस.

इथे माझी आठ वर्षांची भिंगरी सध्या गप्प असते. डॉक्टर म्हणाले, लक्ष न टिकणं, सतत चुळबुळ हा खोडकरपणा नाही, तिच्या मेंदूची ठेवणच तशी आहे. मला पटलं. तिला मात्र शाळेनं केव्हाच पटवून दिलंय की ती वाईट आहे. परवा तिनं सगळ्या वह्यांवरचं आपलं नाव खोडरबरानं पुसलं. का म्हणून विचारलं, तर म्हणाली की ते फक्त ओरडायलाच वापरतात. मला काही सुचत नाही रे.

तुझ्या दोन ओळींची वाट बघणारी,
ताई

१३ ऑगस्ट

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

जेवण वेळेवर होतं. एकटाच असतो, त्यामुळे लवकर उरकतं.

भिंगरी माझ्यावर गेलीय. तिसरीत मला रोज वर्गाबाहेर उभं करायचे. एकदा तू मैत्रिणींबरोबर व्हरांड्यातून आलीस, मला पाहिलंस आणि मान खाली घालून पुढे गेलीस. राग नाही, खरंच. तूही लहानच होतीस. पण त्या दिवशी वाटलं, ओळख दाखवायची लाज वाटावी असेच आपण असणार. चाळिशी आली, तरी कुणाशेजारी बसण्याआधी मी विचारून घेतो, चालेल ना म्हणून. तेवढं तिच्या वाट्याला येऊ देऊ नकोस.

तिला गोड पापा. मनाला लावून घेऊ नकोस.
तुझाच,
धाकटा

२१ ऑगस्ट

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

पाहिलं होतं मी तुला. मैत्रिणींनी विचारलं तेव्हा, ओळखत नाही, असंही म्हणाले. हे तुला माहीत नव्हतं. आता माहीत असू दे.

काल रजा काढून शाळेत गेले. भिंगरी वर्गाबाहेरच होती. तिच्याशेजारी भिंतीला टेकून उभी राहिले. बाई म्हणाल्या, पालकांनी ऑफिसात बसावं. म्हटलं, इथेच बरी आहे. मुलं खिडकीतून टकामका बघत होती. तिनं विचारलं, तुलाही शिक्षा झालीय का. नाही, सोबतीला आलेय, म्हणाले. तास संपल्यावर बाईंनीच तिला आत नेलं. पुढच्या बाकावर बसवून बघू, म्हणाल्या. बघू.

परतताना तिला तुझं सांगितलं. मामाच्या सोबतीला कोण होतं, तिनं विचारलं. कुणी नाही, म्हणाले. मग तिनं विचारलं, मामा अजून तिथेच उभा आहे का.

रविवारी आम्ही दोघी येतोय. माया आटू देऊ नकोस.

तुझी,
ताई