दसऱ्याच्या रंगाखालचे मशीन

॥ श्री खंडोबा प्रसन्न ॥

मी, रंगराव गोविंदराव शिंगाडे, वय वर्षे ७१, धंदा टर्नर (निवृत्त लिहू नये, हात अजून चालतो), मूळ राहणार तालुका जिंतूर, जिल्हा परभणी, हल्ली मुक्काम पिंपळे गुरव, हे मृत्युपत्र राजीखुशीने व अक्कलहुशारीने लिहून ठेवतो. अक्कल ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत आहे. त्यांनी आज वार कोणता ते विचारले. मी गुरुवार सांगितला, आणि त्यांच्या खुर्चीचा एक बोल्ट ढिला आहे तेही सांगितले. माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. दडपण आणू शकेल अशी एकच व्यक्ती होती, माझी पत्नी सुमन. ती चार वर्षांपूर्वी गेली.

यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. खालील सर्व मिळकत स्वकष्टार्जित आहे.

कलम १. पिंपळे गुरव येथील राहता फ्लॅट मुलगा ज्ञानेश यास द्यावा. ज्ञानेश चाकणच्या कंपनीत शिफ्ट सुपरवायझर आहे. मुलगा गुणी आहे, फक्त बटण दाबल्यावर जो पार्ट बाहेर पडत नाही, तो पार्टच नव्हे असे त्याचे मत आहे.

कलम २. बँकेतील ठेव ज्ञानेश व मुलगी विजयश्री यांना निम्मी निम्मी. यात भांडण्यासारखे काही नाही, तरी हौस असल्यास माझी हरकत नाही.

कलम ३. भोसरी येथील गाळा, आणि त्यात उभे असलेले, सगळी गल्ली ज्याला 'विलायती' म्हणते ते लेथ मशीन, विजयश्रीला द्यावे. ती तळेगाव दाभाडे येथे आयटीआयमध्ये मुलांना टर्निंग शिकवते. गेल्या महिन्यात मी समोरच्या टपरीवर चहाला गेलो असता ज्ञानेशने भंगारवाल्याला गाळ्यात आणून मशीनचे वजन विचारले. भंगारवाला घण घालून बिडाचे तुकडे करतो आणि काट्यावर टाकतो. हे मला होऊ द्यायचे नाही. हे मृत्युपत्र करण्याचे खरे कारण तेवढेच आहे, घर आणि ठेव मागाहून आठवली. ज्ञानेशने पुन्हा तसा प्रयत्न केल्यास माझा चष्म्यातला मोठा फोटो त्याच्या जेवणाच्या टेबलासमोर लावावा आणि तो काढू नये.

मशीनची हकीकत अशी. सन २००४ च्या पावसाळ्यात ते मला कुदळवाडीच्या भंगारात सापडले. नावाची पट्टी कोणीतरी उपटून नेली होती, रिव्हेटची चार भोके तेवढी शिल्लक. मी लीड स्क्रूचे, म्हणजे मशीनच्या पुढच्या लांब स्क्रूचे, आटे मोजले. ते इंचाच्या मापाचे निघाले. मी तिथेच जाहीर केले, मशीन इंग्लंडचे आहे. बरोबर माझे कंपनीतले मित्र, चाकणचे बबनराव कड होते. ते म्हणाले, "आरं रंगराव, इंचाचं आटं आपल्याकडंबी व्हतं की. ह्ये बटाल्याचं हाय, पंजाबातलं. विलायत न्हाई न् काय न्हाई." मी त्यांना सांगितले की तू तुझ्या कांद्याची जात ओळख, मशीन माझ्यावर सोड.

मशीन विलायती असल्याची बातमी सुमनच्या कानी गेली. तिचे बंधू उत्तमराव, राहणार सांगवी, आधीच बोलून बसले होते, "भंगारातलं मशीन, भंगारातलाच धंदा." सुमनने त्यांना घरी बोलावून सुनावले, "दादा, इलायतचं मशीन हाय ते. तुमच्या सांगवीत हाय का एक तरी?" मला बायकोचा इतका अभिमान आधी कधी वाटला नव्हता.

चार महिने मी आणि विजयश्री त्या मशीनला लागलो होतो. बेड, म्हणजे मशीनचा खालचा लांब पाट, जॉब पकडणाऱ्या चकजवळ पार झिजला होता. निळा रंग लावलेली सपाट पट्टी फिरवायची, निळे चिकटेल तो उंचवटा खरवडायचा, पुन्हा फिरवायची, पुन्हा खरवडायचे. त्यातच विजयश्रीला बघायला पाहुणे आले. पोह्यांच्या बश्या तिने निळ्या बोटांनी दिल्या. तेच स्थळ पक्के झाले, तेव्हापासून जावईबापू समंजस आहेत असे मी धरून चालतो.

कलम ४. हे कलम कबुलीजबाबाचे आहे.

मशीनच्या आधीच्या मालकांनी दर दसऱ्याला पूजेआधी रंगाचा एक हात मारला होता. हिरव्याखाली निळा, निळ्याखाली राखाडी, त्याखाली पुन्हा हिरवा. आपल्याकडे मशीन पुसायला वेळ नसतो, रंगवायला असतो. खंडेनवमीच्या सकाळी मी शेवटची बाजू खरवडत होतो, तेव्हा बिडात ओतलेली अक्षरे वर आली. कंपनीचे नाव अर्धे झिजलेले, पण खालचे 'बटाला' अगदी स्वच्छ. तेवढ्यात सुमन पूजेचे सामान घेऊन दारात, आणि तिच्या मागे उत्तमराव. मी अक्षरांना पाठ लावून उभा राहिलो. ते दोघे चहाला गेल्यावर शेजारच्या कार पेंटरकडून पुटी आणली, अक्षरे बुजवली, घासली आणि वरून हिरवा रंग मारला. दुसऱ्या दिवशी सुमनने कुंकवाचे बोट नेमके तिथेच लावले. पुढे दरसाल ती तिथेच लावत आली.

म्हणजे बबनराव बरोबर होते. मी एकवीस वर्षे त्यांना सगळ्या गल्लीपुढे खोटे पाडले. सुमन असेपर्यंत तोंड उघडणे शक्य नव्हते, आणि ती गेल्यावर मला लाज वाटली. याचे मला फार वाईट वाटते.

वकील श्रद्धाताई सांगतात की साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळू नये, आणि साक्षीदाराने मजकूर वाचलाच पाहिजे असेही नाही. हे ऐकताच मी बबनरावांना साक्षीदार नेमले. त्यांनी आज मुकाट्याने सही करावी. माझ्यामागे हे वाचले जाईल तेव्हा त्यांना कळेल, आणि शिव्या खायला मी नसेन. त्यांना मी काहीही देत नाही. ते बरोबर होते, एवढे मात्र देतो.

कलम ५. उरलेल्या पुटीचा डबा मेहुणे उत्तमराव यांस द्यावा. पुटी वाळून दगड झाली आहे. का दिला, हे त्यांना कोणी सांगू नये.

कलम ६. माझ्या पश्चात विजयश्रीने ती पुटी खरवडून अक्षरे मोकळी करावीत. दसऱ्याला हळदकुंकू, झेंडूचा हार, नारळ, सर्व यथासांग करावे. रंगाचा डबा गाळ्यात आणू नये.

येणेप्रमाणे लिहिले ते वाचून पाहिले, बरोबर आहे.

सही: रंगराव गोविंदराव शिंगाडे

साक्षीदार १: बबनराव दगडू कड, राहणार चाकण.
शेरा: मी तीस वर्षे इन्स्पेक्शनला होतो. न वाचता एका वॉशरवरसुद्धा सही केली नाही, हे रंगराव विसरला. सर्व पाने गाळ्याबाहेर बसून वाचली. कलम ४ मध्ये चूक आहे. मला त्याच दसऱ्याला कळले होते. प्रसाद घेताना मशीनवर हात टेकला होता. बीड हाताला गार लागते, तेवढीच जागा गार लागली नाही, म्हणजे खाली पुटी, आणि पुटीखाली नाव. सुमनवहिनी शेजारी उभ्या राहून त्यांच्या दादाला मशीन दाखवत होत्या, म्हणून बोललो नाही. पुढे दर दसऱ्याला बटाल्याचा वाद मुद्दाम काढत राहिलो. एकदम गप्प झालो असतो तर वहिनींना शंका आली असती.
सही: ब. द. कड

साक्षीदार २: बुद्धरत्न सोनकांबळे, शेजारचा गाळा.
शेरा: तिघांनी एकमेकांसमोर सह्या केल्या. मी मजकूर वाचलेला नाही. दोघे इतक्या मोठ्याने भांडले की वाचायची गरज उरली नाही.
सही: बु. सोनकांबळे

ठिकाण: भोसरी. दिनांक: १३ नोव्हेंबर २०२५, गुरुवार.

दुरुस्ती: कलम ६ मधील 'माझ्या पश्चात विजयश्रीने' हे शब्द खोडले आहेत. तिला फोन केला आहे, ती तळेगावहून निघाली. तिच्यासमोर आजच पुटी काढतो. स्क्रेपर बबनरावांच्या हातात आहे. खाडाखोडीवर तिघांच्या सह्या.