तिसऱ्या फितीची व्यवस्था

मी, टिकाराम बकाराम कापगते, वय वर्षे एकसष्ट, धंदा शेती व पाणकरी, राहणार चिचटोला, सडक अर्जुनीपासून दीड कोस, तालुका साकोली, जिल्हा भंडारा, हे मृत्युपत्र माझ्या स्वतःच्या हाताने लिहून ठेवतो. राज्य मुंबई. जन्मलो तेव्हा मध्यप्रांत होता, मग मध्यप्रदेश झाला, आता मुंबई. माझे घर मात्र होते तिथेच आहे, एक वीतही हललेले नाही.

माझी बुद्धी शाबूत आहे. बिघाड आहे तो गुडघ्यात आणि उजव्या कानात. कोणाच्या दडपणाखाली मी हे लिहीत नाही. माझ्यावर दडपण आणू शकेल अशी एकच व्यक्ती आहे, माझी बायको अनुसयाबाई. ती आत चुलीपाशी आहे आणि तिला वाचता येत नाही.

लिहिण्यास कारण असे की, गेल्या माघात मला ताप भरला आणि गावाने माझी आशा सोडली. लोकांनी लाकडेसुद्धा फोडून ठेवली. मी उठून बसलो तेव्हा माझा मेहुणा शालीकराम लंजे याने आपल्या वाट्याची लाकडे गाडीत भरून परत नेली. जाताना म्हणाला, "बरं झालं जवाईबापू, सागाची होती." पण तापात पडल्या पडल्या मी सगळ्यांचे बोलणे ऐकत होतो. "हवालदाराले कोट घालूनच नेऊ, तिन्ही फितींसकट," असे बाहेर ठरत होते. ते ऐकून मला तापात घाम फुटला. त्या फितींबद्दल एक गोष्ट मी एकोणचाळीस वर्षे कोणाला सांगितलेली नाही, आणि ती न सांगता मला अग्नीत जायचे नाही. ती पाचव्या कलमात सांगतो. आधी घरादाराचे बघू.

कलम १. घर अनुसयाबाईच्या हयातीत तिचे. तिच्या मागे मुलगा देवचंद याचे. परसातले सीताफळ तोडायचे नाही. देवचंद दरवर्षी म्हणतो, सावली पडते. पडू दे. मी त्याच सावलीत बसून हे लिहितो आहे.

कलम २. तलावाखालची धानाची जमीन देवचंदला. बोडीलगतचा, म्हणजे लहान तळ्याजवळचा, तुकडा मुलगी शामकला हिला. ती कुडव्याच्या शाळेत मास्तरीण आहे, तिचे यजमान गोंदियाला रेल्वेत आहेत, ती काही नांगर धरायला येणार नाही. देवचंद म्हणेल, "बहिणीले वावर कायले?" तर बाबा, तीन वर्षांपूर्वी सरकारने तसा कायदा केला आहे. आणि कायदा नसता तरी मी दिला असता. धान तूच पिकव आणि तिचा वाटा गोंदियाच्या गाडीला घालून पाठव, तांदूळ निवडून.

कलम ३. पाण्याची पातळी मोजायची माझी पाणसळ, दोन फावडी आणि पाळीची, म्हणजे तलावाच्या बांधाची, माती ठोकायचा धुमस देवचंदला, पण एका अटीवर. त्याने पाणकरी करावी. पाणकर म्हणजे तलावाचे पाणी कोणाच्या बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, किती वेळ जायचे हे ठरवणारा माणूस. मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाला, पण सरकार काही भर उन्हात पाळीवर उभे राहून पाणी वाटत नाही. ते काम मी अडतीस वर्षे केले. देवचंद, या कामात पगार नाही, शिव्या आहेत. बहुतेक शिव्या तुझ्या मामाच्या असतील.

कलम ४. शालीकरामला मी काही देत नाही. एवढ्या वर्षांत मी दिलेल्या पाण्याची एकही पाळी त्याने मुकाट घेतलेली नाही. पहिल्याच वर्षी पाळीवर कमरेला हात लावून उभा राहिला आणि माझ्या पलटणीवरून टोमणा मारत म्हणाला, "जवाईबापू, हे बसरा नोहे. माह्या बांधीत पानी कमी आलं." मी पाणसळ लावून दाखवली, काठी रोवून दाखवली. तो म्हणाला, काठी वाकडी आहे. भर पंगतीत भांडला, माझ्या मुलीच्या लग्नात भांडला. तरीही या मृत्युपत्रावर साक्षीदार म्हणून मी त्यालाच बोलावले आहे. सही करण्याआधी हे सगळे मोठ्याने वाचून त्याला ऐकवणार आहे. माझी फजिती त्याने दुसऱ्याकडून ऐकावी हे मला सोसणार नाही.

कलम ५. आता कोटाचे.

पहिल्या जर्मन लढाईत मी पायोनियर पलटणीत भरती झालो आणि बसऱ्याला गेलो. आम्ही कोहळी, तलाव बांधणाऱ्यांची जात. माती आणि पाणी आम्हाला कोणी शिकवावे लागत नाही. तिथल्या नदीला बांध घालताना गोऱ्या साहेबाने माझी पाणसळ पाहिली आणि मला नाईक केले. बाहीवर दोन फिती चढल्या; तिसरी चढली की हवालदार. मी घरी पत्र टाकले, की हवालदारी आता दूर नाही. दादांचे, म्हणजे माझ्या वडिलांचे, उत्तर आले, "तू हवालदार झालास असे मी लंजे घराण्यात सांगून टाकले आहे. मुलगी चांगली आहे. तर तसा होऊन ये."

मी झालो नाही. लढाई संपली आणि आम्हाला घरी पाठवले. सन एकोणीसशे वीसमध्ये परत येताना मी कामठीला गाडीतून उतरलो, छावणीतल्या दर्ज्याकडे गेलो आणि दोनांवर तिसरी फीत शिवून घेतली. त्याने विचारले नाही, मी सांगितले नाही. शिवायला पाव तास लागला.

गावाने हवालदार म्हणून वाजतगाजत आणले. पुढच्या साली लग्न झाले. लग्नानंतर पंच म्हणाले, तलावाच्या पाण्यावरून डोकी फुटतात, लढाईत हवालदारी केलेल्या माणसाचे लोक ऐकतील. असा मी पाणकर झालो. दर पाळीला, तुडूम उघडायच्या दिवशी, मी तो कोट घालून पाळीवर जात असे. तुडूम म्हणजे तलावाचे पाणी सोडायचे तोंड. कोट घातला की लोक गप्प बसत, शालीकराम सोडून.

मी कोणाचे थेंबभर पाणी चोरले नाही. पण ज्या फितीच्या जोरावर लोक माझा शब्द मानत होते, ती माझी नव्हती. हे मला दर पाळीला आठवत असे. लाज वाटत असे, आणि तरी मी कोट घालत असे.

सन एकोणपन्नासच्या श्रावणात तलाव काठोकाठ भरला होता. पाळीचा दिवस होता, म्हणून कोट अंगात होता. तुडुमाचे लाकडी बूच निघाले आणि पाणी आतून माती ओढू लागले. घटकाभरात पाळ फुटली असती, खालचे सारे धान वाहून गेले असते. देवचंद धानाच्या तणसाचे भारे आणायला धावला. तेवढाही वेळ नव्हता. मी अंगातला कोट काढला, त्यात चिखल भरला, गोळा करून तुडुमात कोंबला आणि वर बसलो. सगळ्यात आधी माझ्या शेजारी येऊन बसला तो शालीकराम. पाणी थांबले. उन्हाळ्यात ते तोंड दगडमातीने कायमचे बुजवले आणि दुसरे तुडूम बांधले. कोट पाळीच्या पोटात राहिला. खांद्याची पितळी अक्षरे, बाहीच्या फिती, सगळे तिथेच.

लोक हळहळले. हवालदाराची निशाणी गेली म्हणून बायाबापड्यांनी डोळे पुसले. मी तोंड पाडून बसलो होतो, आणि आतून मात्र मला गुदगुल्या होत होत्या. म्हटले, सुटलो बुवा!

आठ वर्षे सुखाची गेली. सत्तावन्न साली स्वातंत्र्याला दहा वर्षे झाली म्हणून शाळेने मला झेंडा चढवायला बोलावले, आणि तोही पलटणीच्या पोशाखात. शामकला उन्हाळ्याच्या सुट्टीत आली होती. दौत आणि कागद घेऊन माझ्यापुढे बसली.

"बाबा, तुमचा पलटणीतला नंबर सांगा."

"कायले पाह्यजे तुले?"

"तुमच्या फिती नवीन मागवून राहिली मी."

"जुनं कायले उकरून राहिली बाई? राहू दे ना."

"तुमी पाळीले कोट देल्ला. मंग मी तुमाले देऊ नोको का?"

मी नंबर सांगितला, पण खोटा. पलटणीच्या कचेरीतून पत्र आले, की या नंबराचा असा कोणी माणूस नाही. मी म्हणालो, झाले, जुने कागद वाळवीने खाल्ले असतील. भांड्यांवर नाव घालायची आपली रीत. मी बसऱ्याला माझ्या लोट्यावर नाव घातले होते आणि हौसेने खाली पलटणीतला माझा नंबरही कोरून घेतला होता. त्या लोट्याने मी रोज पाणी पितो, आणि खोटे बोलताना तो माझ्या हातातच होता! तिने तो घासायला म्हणून नेला, नंबर उतरवून घेतला आणि परस्पर दुसरे पत्र टाकले.

पुढे मला काही कळले नाही. चौदा ऑगस्टला ती नवा खाकी कोट घेऊन आली. फिती तिने स्वतः कामठीला जाऊन आणल्या होत्या आणि कोट शिवला होता सडक अर्जुनीच्या मुन्नालाल दर्ज्याने. मी घाबरत घाबरत बाही पाहिली. मला वाटले होते, दोन असतील. होत्या तीन.

मी बोटाने चाचपून पाहिले. दोन फिती मशीनच्या शिवणीने लावलेल्या. तिसरी हाताने शिवलेली, आणि टाका उलटा पडलेला. आमची शामकला डावखुरी आहे. लहानपणापासून तिचा टाका उलटाच पडतो. मी तिच्याकडे पाहिले. ती म्हणाली, "घालून पाहा बाबा, खांद्यात घट्ट तं होत नाही?"

दुसऱ्या दिवशी मी झेंडा चढवला आणि सलामी दिली. हात वर करताना छातीपाशी काहीतरी कुरकुरले. आतला खिसा शिवून बंद केलेला होता. मी तो उसवला नाही. मला धीर झाला नाही. दोन वर्षे सण आला की कोट घालायचो आणि ते कुरकुरायचे. परवा हे मृत्युपत्र लिहायचे ठरवले तेव्हा ब्लेडने टाके काढले. आत कचेरीचे पत्र निघाले. माझे नाव, माझा खरा नंबर आणि हुद्दा: नाईक. खाली लिहिले होते, स्वखर्चाने दोन फिती लावण्यास हरकत नाही.

तर शामकला, तुला तेव्हापासून सगळे माहीत होते. सरकारने तुझ्या बापाला दोन दिल्या आणि तिसरी तू दिलीस. तू मला विचारले नाहीस, हसली नाहीस, आईला सांगितले नाहीस. पत्रही फाडले नाहीस, माझ्याच खिशात ठेवलेस, केव्हा उघडायचे ते माझ्यावर सोपवून. पोरी, परवा सीताफळाखाली बसून मी रडलो. देवचंदला सांगितले, डोळ्यांत कोंडा गेला.

कलम ६. म्हणून माझ्या कोटाची व्यवस्था अशी. मला कोट घालूनच न्यावे. दोन फिती बाहीवर राहू द्याव्यात, त्या मी कमावलेल्या आहेत. तिसरी शामकलाने स्वतःच्या हाताने उसवून घ्यावी आणि जपून ठेवावी. ती जाळायची नाही. कामठीच्या दर्ज्याने शिवलेली फीत खोटी होती, ती पाळीत गेली. ही खरी आहे. माझ्याजवळ एवढी किमती दुसरी वस्तू नाही.

कलम ७. तेराव्या दिवशी पाचवे कलम देवचंदने पाळीवर उभे राहून गावाला वाचून दाखवावे. कोणाला वाटले की नाइकाने वाटलेले पाणी कमी भरले, तर पाणसळ घरात आहे, मोजून घ्यावे. त्यानंतर मला हवालदार म्हणू नये. टिकाराम म्हटले तरी चालेल.

हे मृत्युपत्र मी राजीखुशीने लिहिले, दोन्ही साक्षीदारांना सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचून दाखवले आणि त्यांच्यासमक्ष सही केली.

मुक्काम चिचटोला, दिनांक ४ मे १९५९.

सही: टिकाराम बकाराम कापगते (नाईक)

साक्षीदार १: मुन्नालाल, दर्जी, सडक अर्जुनी. सही हिंदीत केली आहे. वाचन ऐकून म्हणाला, "भैया, बिटिया ने तीसरी पट्टी मुझे सीने ही नहीं दी।"

साक्षीदार २: शालीकराम लंजे, वय त्रेसष्ट, शेतकरी. सहीखालचा मजकूर त्याने हट्टाने स्वतः लिहिला आहे. मी खोडलेला नाही.

"जवाईबापू, लग्नाच्या साली अनुसयानं तुमचा कोट धुवाले काढला, तवा दोन फिती बसऱ्याच्या उन्हानं पांढऱ्या पडल्या होत्या अन् एक नवी कोरी होती. तिनं मले दाखवली. म्हने, दादा, हे कोनाजवळ बोलला तं माह्या दारात पाय ठेवू नोको. अडतीस वर्सं मी तुमच्यासंग पान्यावरून भांडलो, पर हे तोंडातून काढलं नाही. काढलं असतं तं एका दिवसात तुमची पानकरी गेली असती. पर पानी तुमी बरोबरच वाटत होते. म्हनून तं मले राग येत होता. लाकडं तयार हायेत, सागाची. घाई नाही. आतून अनुसया हसून राहिली, चहा घेऊन येते म्हनते."

सही: शालीकराम लंजे