अमावस्येची तारीख

कोपरखैरणे,
मंगळवार, १९ ऑगस्ट

प्रिय गीतांजली,

बाबा बरे आहेत. पाकिटावर माझं अक्षर बघून तुला भलतंसलतं वाटेल, म्हणून हे आधी. बरे आहेत आणि काल दुपारपासून पुन्हा बोलायला लागलेत. बोलायला म्हणजे कॉम्प्युटरवर, मोठाल्या अक्षरांत. कंपवाताने त्यांच्या आवाजाची नुसती फुसफुस राहिली, ती या घरात तुला एकटीला कळायची. तू गेल्यावर त्या खोक्याचाच आधार होता, आणि गेल्या गुरुवारी तोही सुटला होता.

झालं असं, त्याने स्वतःहून काहीतरी अपडेट घेतलं आणि ते अर्ध्यावर अडकलं. बंद करून चालू केला, तर अक्षरं मोहरीएवढी आणि माउसचा बाण नुसता सैरावैरा. बाबांनी ‘पाणी’ लिहायला घेतलं. थरथरत्या बोटाखाली ‘पपपपपाााणणणी’ असं ओळभर उमटलं. दोनदा पुसून लिहिलं, मग हात मांडीवर ठेवून बसून राहिले. मी त्यांच्या तोंडाशी कान न्यायची. ते म्हणाले खिडकी लाव, मी खिचडी लावली. त्यावर आधी हसले. दुसऱ्या दिवसापासून हसणंही सोडलं आणि मागणंही. पाणी मी आपली अंदाजाने द्यायची.

सेक्टरातल्या दुकानदाराला दाखवला. तो म्हणाला, मावशी, सगळं उडवून नव्याने टाकावं लागेल, हजार रुपये. मी तसाच रिक्षातून परत आणला. हैदराबादला अभयला फोन केला, तर म्हणे दिवाळीत येतो तेव्हा बघू. दिवाळीपर्यंत माणसाने मुकं बसायचं?

शेवटी रविवारी खालचे नंदकुमार भाऊजी आले. पावणे एमआयडीसीतल्या कारखान्यात त्यांनी वीस वर्षं कॉम्प्युटर सांभाळलेत. म्हणाले, ‘वहिनी, रिस्टोर मारू. हे मशीन आपल्या सेटिंगा मधूनमधून धरून ठेवतं. एखाद्या चांगल्या तारखेला मागे नेऊन बसवू.’ आता चांगली तारीख म्हटल्यावर मी काय करणार? भिंतीवरचं कॅलेंडर काढून आणलं. यादीत दोनच तारखा निघाल्या, दहा जुलै आणि चोवीस जुलै. दहाला गुरुपौर्णिमा, चोवीसला दीप अमावस्या. म्हटलं, डोळे झाकून गुरुपौर्णिमा धरा. ते म्हणाले, ‘वहिनी, विंडोजला कसली आलीये अमावस्या?’ पण मी ऐकेना, तेव्हा त्यांनी मान हलवली आणि धरली.

पहिल्या खेपेला तासभर फिरून ‘जमलं नाही’ असं आलं. भाऊजी म्हणाले, अँटिव्हायरस आडवा येतोय. तो तेवढ्यापुरता बंद करून पुन्हा केलं, तेव्हा मशीन गुरुपौर्णिमेला जाऊन पोचलं. चाललं छान. अक्षरं मात्र मोहरीचीच. बाबा बघून उठून आत गेले. मला रडूच आलं.

केलेलं रिस्टोर मागे घेता येतं, हे मला काय ठाऊक. काल सोमवारी भाऊजींनी ते मागे घेतलं आणि म्हणाले, आता अमावस्याच उरली. माझा उपास होता. देवापुढे दिवा लावला आणि म्हटलं, लावा. तेव्हा चष्मा सरसावून त्यांनी तारखेपुढचं बारीक इंग्रजी वाचलं. ‘हे मशीनने आपणहून ठेवलेलं नाही, वहिनी. कोणीतरी हाताने करून नाव दिलंय. बाबा बोलतात.’

चोवीस जुलै, म्हणजे तू गेलीस तो दिवस. त्या दिवशी तू बॅग भरून झाल्यावर दोन तास आतल्या खोलीत त्या कॉम्प्युटरपुढे होतीस. मी स्वयंपाकघरात दिवे घासत होते, मुद्दाम आपटून. अमावस्येला घर सोडू नये एवढंही हिला कळत नाही, म्हणत होते. मला वाटलं, तू आपले फोटो, आपल्या खुणा काढून घेते आहेस. पुढच्या रविवारी अभय येऊन गेला, म्हणून मोठी अक्षरं त्यानेच केली असं मी धरून चालले. तोही नाही म्हणाला नाही.

काल बाराच्या सुमाराला मशीन उघडलं. अक्षरं मोठी, बाण संथ, आणि बोट कितीही थरथरलं तरी एक अक्षर एकदाच. बाबांनी पहिलं लिहिलं, ‘चहा. साखर घालून.’ चहा देऊन मी विचारलं, हे गीतांजलीने केलं हे तुम्हाला ठाऊक होतं? त्यांनी हळूहळू लिहिलं, ‘तू तिचं नाव कुठे घेऊ देत होतीस.’

आता पुन्हा तसं होऊ नये म्हणून भाऊजींकडून ताज्या तारखेचं रिस्टोर करवून घेतलं आणि सगळ्या सेटिंगा एकेक उघडायला लावून माझ्या वहीत उतरवल्या. माझी जुनी मॅट्रिक, इंग्रजी वाकडंतिकडं, पण कुठे बरोबरची खूण आहे नि कुठे नाही ते चौकोन काढून दाखवलंय. मशीन पार जळालं तरी वही राहील. भाऊजी हसले. हसू देत.

तुझं आणि अभयचं जे काय ठरेल ते तुमचं, त्यासाठी हे पत्र नाही. तू गेलीस त्याच आठवड्यात मी तुझ्या आईला फोन करून सांगितलं होतं की तुमची मुलगी जाताना सासऱ्यांचा कॉम्प्युटर पुसून गेली, आजाऱ्याचीही दया आली नाही तिला. त्यांनी ते तुला सांगितलं असेल, नसेलही. मी मात्र म्हटलं होतं, आणि शेजारी बसलेल्या बाबांनी ते ऐकलं होतं. म्हणून आज सकाळी तुझ्या आईला फोन लावला. त्यांनी उचलला नाही. उद्या पुन्हा लावीन, परवाही लावीन. तोवर तू हे पत्र त्यांना वाचून दाखव, मधला एक शब्द गाळू नकोस.

तुझीच,
काय म्हणून सही करावी कळेना, तू म्हणायचीस तेच लिहिते,
आई