चीनच्या नादात रिकामा राहिलेला बाक

प्रिय दादा,

तुम्हाला जाऊन वर्ष झालं. काल तुमचं पुण्यानुमोदन होतं. बुद्धवंदना झाली, पाहुणे जेवून चाकूरच्या एसटीनं गेले, आणि तुमच्या ऑफिसातले दिगंबरकाका मला बाजूला बोलावून एक गोष्ट सांगून गेले. ज्या वडिलांशी बोलायचं ते तुम्हीच उरला नाहीत, म्हणून लिहितेय.

आधी माझं खोटं सांगते. कारकुनाच्या परीक्षेचा पेपर दिला असं मी म्हणाले होते ना? दिलाच नव्हता, दादा. त्या दिवशी मी हैदराबादला होते, दिल्लीच्या विद्यापीठाची प्रवेशपरीक्षा द्यायला. चीनचा इतिहास शिकायचं खूळ डोक्यात बसलं होतं!

कारकुनाचा तो फॉर्म तुम्ही किती हौसेनं आणला होता! लातूर नवा जिल्हा झाला होता, नवी ऑफिसं उघडत होती. बहात्तरच्या दुष्काळात आईबरोबर खडी फोडलेले तुम्ही आता साहेबांच्या दाराशी पट्टा लावून उभे राहत होतात. उस्मानाबादहून ट्रक भरभरून दप्तर आलं, त्यातले किती बस्ते तुम्ही लाल फडक्यात बांधले असतील! "आपन नुसते बांधतो. घरातलं कुनीतरी सोडून वाचाय पायजे," म्हणायचात. ते कुणीतरी म्हणजे मी.

आणि मी काय काढलं? नांदेडच्या कॉलेजात सरांनी एक पुस्तक दिलं. जुन्या चीनमध्ये जिल्ह्याजिल्ह्याची हकिकत लिहून ठेवत. पाऊस कुठल्या साली दडी मारून बसला, विहिरी कधी आटल्या, लोकांनी झाडांच्या साली कशा खाल्ल्या, सगळं त्यात. वाचताना मला दुष्काळात रेशनवर मिळालेल्या मिलो ज्वारीच्या आपल्या लाल भाकरी आठवल्या. आपण काय खाल्लं, हे कुठल्या बस्त्यात आहे हो?

मला हेच शिकायचंय, असं सुट्टीत भीतभीत तुम्हाला सांगितलं, तर तुम्ही खो खो हसलात. "दुस्काळ शिकाया चीनला कशाला जातीस? हितं बस माज्यापुढं, म्या शिकवतो की!" मग गंभीर झालात. "आन् ते शिकून पुढं काय? कोन्या हापिसात खुर्ची मिळती त्याची?"

मला उत्तर येत नव्हतं. भांडायची हिंमतही नव्हती. म्हणून खोटं बोलले.

पुढे दिल्लीची शिष्यवृत्ती मिळाली, तेव्हा कारकुनाचा निकाल लागेपर्यंत तिकडे जाते म्हणाले. तुम्ही अडवलं नाहीत, याचं मला नवलच वाटलं होतं. दिल्लीत मी एकेक चिनी अक्षर शंभरदा गिरवत बसायची. आईनं शेजारणीकडून लिहून घेतलेलं पत्र आलं, की यादी लागलीय आणि दादा रोज फळ्यापुढं उभे राहून तुझा नंबर शोधतात. मी उलट टपाली कळवलं, नापास झाले असेन. किती सहज लिहिलं ते!

काल दिगंबरकाका म्हणाले, "त्या कारकुनाच्या परीक्षेला तुजा नंबर आला व्हता, त्याच शाळंत तुज्या दादाची डूटी लागली व्हती, पानी वाटायची. आदल्या सांजेला आर्डर आली. तुला सांगायला येळच न्हाई. माठातलं पानी घिऊन समद्या बाकावरनं फिरला. तुज्या नंबरापाशी आला, तर बाक रिकामा. एसटी चुकली आसंल म्हनून पेपर सुटंस्तोवर गेटाकडं बघत व्हता."

म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं! मग यादीत काय शोधत होतात, दादा?

काकांनी तेही सांगितलं. पोरगी परीक्षेला गेलीच नाही असं कळलं, तर मग ती होती कुठं, म्हणून लोक नाही नाही ते बोलले असते. त्यापेक्षा नापास झालेली परवडली. म्हणून रोज ते सोंग. "चीन शिकनारी पोरगी साध्या पेपरात आपटली व्हय?" असं ऑफिसातले सगळे चिडवायचे, आणि तुम्ही मान हलवून "हाव" म्हणायचात. काकांनाही हे तुम्ही शेवटच्या आजारपणात सांगितलंत. मला नाही.

एकदा रागवायचं तरी होतं! सुट्टीत समोर बसून जेवत होते मी, तेव्हा विचारायचं होतं. मी रडून सगळं सांगितलं असतं. तार मिळाल्यावर मी तिसऱ्या दिवशी पोचले, तेव्हा माफी मागायला माणूसच उरलं नव्हतं.

तुमच्या "पुढं काय"चं उत्तर आता आलंय. माझ्याबरोबरची एक मुलगी चिनी कागदपत्रांचे अनुवाद करते, एक वर्तमानपत्रात परदेशच्या बातम्या बघते. मला विद्यापीठात चीनचा इतिहास शिकवायची नोकरी लागलीय. ती आनंदाची बातमी सांगितली, म्हणून तर काकांना राहवलं नाही. तुम्ही आणखी वर्षभर थांबायला हवं होतं, दादा.

परवा मी दिल्लीला निघेन. त्याआधी उद्या तुमच्या ऑफिसात जाणार आहे. काका म्हणतात, ऱ्हाऊ दे, आता कोन इचारतंय? पण मी जाणार. साहेबांपासून पट्टेवाल्यांपर्यंत जे जे तुम्हाला हसले, त्यांना सांगेन, "मी नापास झाले नव्हते. मी परीक्षेला बसलेच नव्हते. माझ्या दादांना ते पहिल्या तासापासून माहीत होतं, आणि माझ्यासाठी त्यांनी तुमचं हसणं ऐकून घेतलं." शब्द देते, यातलं एक अक्षर गाळणार नाही.

तुमची पोरगी,
सुजाता