धपाट्यांचा डबा

शुक्रवार, ९ जानेवारी
पोचलो बाई एकदाचे! पहाटे हैदराबादच्या शमशाबादला विमानात बसलो आणि दुपारी अंदमानच्या या टीचभर बेटावर. लग्नाला वर्ष होत आलं, तेव्हा कुठे शिवराजला सुट्टी मिळाली. कुकटपल्लीच्या आमच्या बाल्कनीतून समोरच्या टॉवरांची धुणी दिसतात. इथे बघावं तिकडे समुद्र. माडांखाली एकच झोपडी, तीही आमची. होडीवाला म्हणाला, रविवारी न्यायला येतो, तोवर बेटावर चिटपाखरू नाही.

नाही कसं? किनाऱ्याच्या टोकाला एक जोडपं बसलंय की! आमच्याकडे पाठ, तोंड समुद्राकडे. शिवराज म्हणाला, राहू दे, परेशान करू नक्को त्यांना. नामपल्लीहून गाडी सुटली की बेगमपेट यायच्या आत मी समोरच्या बाकावरच्यांना जेवायला बोलावते, असं तो सगळ्यांना सांगत असतो. सांगतो आणि खो-खो हसतो. तो हसला की शेजारच्या फ्लॅटमधलं बाळ उठतं. मला ते हसणं फार आवडतं.

शनिवार, १० जानेवारी
सकाळभर पाण्यात डुंबलो. शिवराजचं नाक उन्हाने लाल झालंय, टोमॅटो म्हटलं की चिडतो.

ते दोघं मात्र कालच्या जागेवरच, भर उन्हात. माझ्याने राहवेना. आणलेले धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी डब्यात भरून गेले. आईने रुखवतात दिलेला डबा, झाकणावर आमची दोघांची नावं कोरलेली. दोनदा हाक मारली, मान वळली नाही. बाईचे केस ओले होते. इतक्या उन्हात वाळले कसे नाहीत? म्हटलं, भांडले असतील बिचारे. डबा त्यांच्यामागे ठेवला आणि सवयीने बोलून गेले, हैदराबादला आलात तर आमच्याकडेच उतरा, संकोच करू नका, आपलंच घर समजा. फ्लॅटचा नंबरसुद्धा सांगितला. शिवराजने कपाळावर हात मारून घेतला.

रविवार, ११ जानेवारी
निघताना डबा आणायला गेले तर दोघंही नाहीत आणि डबाही नाही. होडीवाल्याला विचारलं. त्याचा चेहराच उतरला. गेल्या हंगामात एक जोडपं पोहायला गेलं ते परत आलंच नाही, म्हणाला. मग त्याने विचारलं, तुम्ही त्यांना काही दिलं का, घरी बोलावलं का? मी हो म्हटलं. तो घाईघाईने होडी लोटायला लागला. शिवराज म्हणाला, पर्यटकांना घाबरवायचे धंदे हे. मीही हसले, पण उगीचच.

मंगळवार, १३ जानेवारी
आज भोगी. भाजी निवडत होते तर बेल वाजली. दारात कोणी नाही. उंबऱ्यापाशी आमचाच डबा, घासून लख्ख.

कुणाचं भांडं रिकामं परत करू नये, हे मला आईने शिकवलं. त्यांनाही कुणीतरी शिकवलं असणार. डब्यात ओली वाळू होती, आणि वाळूत शिवराजची लग्नातली अंगठी. सकाळी चहाच्या वेळी ती त्याच्या बोटात होती, मी पाहिली होती.

अंगठी दाखवली तर तो नुसता हौ म्हणाला. हसला नाही. बाल्कनीत जाऊन बसला, माझ्याकडे पाठ करून. जेवायलाही उठला नाही.

गुरुवार, १५ जानेवारी
काल डबा खाली कचऱ्यात टाकून आले. आज परत दारात. आत वाळू, आणि माझी जोडवी. पायाकडे पाहिलं, बोटं मोकळी.

विद्यानगरहून सासूबाईंचा फोन आला. म्हणाल्या, सकाळी किती छान बोललीस गं, पाहुणे राहायला आलेत म्हणालीस. मी आज कुणालाच फोन केला नाही.

शिवराज अजून बाल्कनीतच. हाका मारल्या, रडले, दोन्ही हातांनी ओढलं. मान वळत नाही त्याची. केस ओले आहेत, टॉवेलने किती पुसले तरी ओलेच. देवा, मला माझा नवरा परत दे, काय करून बसले मी!

शुक्रवार
आत कुणीतरी धपाटे थापतंय. मी इथे, बाल्कनीत, मग स्वयंपाकघरात कोण — आणि ते हसणं. खो-खो. शेजारचं बाळ उठून रडायला लागलं.
पण शिवराज तर इथे माझ्याजवळ, गार पडलेला.
घराचं दार उघडं दिसतंय. पळता येईल अजून. याला सोडून? नाही जमत. बसते याच्याजवळ. निदान दोघं तरी —

शनिवार
समोरचे टॉवर नाहीत. पाणीच पाणी. पायाखाली वाळू —
शिवराजचा हात धरलाय. हौ म्हण रे, एकदा तरी —
माझेही केस ओले —
मागून कुणीतरी येतंय. चटणीचा वास. डबा ठेवला. मान वळत नाही, किती जोर लावला तरी —
बाई बोलतेय. आवाज माझा. अगदी माझाच. हैदराबादला आलात तर आमच्याकडेच —