चिंगीचा कान

मंगळवार, संध्याकाळ. विरार, दादाकडे.

आज दादाशी बोलायचंच नाहीये.

दादा-वहिनीच्या चिंगीला, म्हणजे मांजरीला, डायबेटिस आहे. दवाखान्यात ती एवढी घाबरते की साखरेचा आकडा भलताच चढा येतो. त्यावरून इन्सुलिन ठरवलं तर तिच्या जिवावर बेतेल, म्हणून डॉक्टर म्हणाले, घरीच कानाच्या कडेला टोचून रक्ताच्या थेंबावर तपासा. तेव्हापासून तिला सवय व्हावी म्हणून मी रोज नुसता तिचा कान चोळतोय. मग सुईच्या पेनचा टक आवाज, मग उकडलेल्या चिकनचा तुकडा. टोचणं नाहीच. आज टक झालं तरी ती मांडीवरून हललीसुद्धा नाही! उद्या टोचणार होतो.

तेवढ्यात दादा सातिवलीहून, कामावरून आला. "अजून कानच चोळतोयस? आण इकडे." टॉवेलात गुंडाळली, दाबली, टोचली. टॉवेल माझाच, गोकर्णहून आणलेला, काय समुद्रकिनारा होता तिथला... जाऊ दे. आकडा आला. "झालं की नाही?" म्हणे. झालं ना. आता ती कपाटाखाली बसलीय, आणि मी हात घातला तर माझ्यावरच फिस्कारली. टॉवेलाला वास माझा होता.

मी दादावर ओरडलो. वहिनी शांतपणे म्हणाली, "भावोजी, तुम्ही कुठे टिकता? परवा बॅग उचलून निघाल. मग रोज आम्हालाच करायचंय. एवढा कान चोळायला वेळ कुणाकडे आहे?"

"नाही जाणार. तिला सवय होईपर्यंत राहतो इथेच."

दोघं एकमेकांकडे बघून हसले. वाईट म्हणजे, मलाही हसू आलं.